प्रकल्प नोंदी : वस्तीत मुक्कामाला जाण्याआधीची तयारी

१० जून

यंदाचा वस्ती-मुक्काम ऑगस्टच्या सुरुवातीला. काही दिवस वस्तीतल्या घरांत राहून सेवेचं काम करायचं. विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचे, बहुतेकांची पहिलीच वेळ. आज कामाचा क्रम लावला. विद्यार्थ्यांची नावं पक्की करण्याआधी वस्तीत जाऊन विचारायचं की आम्ही यायला हवे आहोत का, आणि हवे असू तर कशासाठी. एरवी वेळापत्रक ठरतं, गाडी ठरते, उपक्रम ठरतात आणि सगळ्यात शेवटी वस्तीला कळवलं जातं. इतकं सगळं ठरल्यावर समोरच्याने नाही म्हणायचं तरी कसं?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये सेवेतून शिकण्याची तीन तत्त्वं मांडली होती. ज्यांच्यासाठी सेवा आहे, सेवेची सूत्रं त्यांच्या हातात असावीत. त्या सेवेमुळे स्वतःचं काम स्वतः करण्याची त्यांची ताकद वाढावी. आणि सेवा करणाराही शिकणाराच असतो, काय शिकायचं हे ठरवण्यात त्याचाही वाटा असावा. तीनही वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून तयारीच्या खोलीत लावली आहेत. पुढचा प्रत्येक निर्णय यांच्यासमोर धरून बघायचा.

१३ जून

वस्तीत जाऊन आलो. पाणी समितीच्या ताई आणि समितीच्या वह्या सांभाळणारे काका, दोघंही भेटले. ताईंनी बसल्या बसल्या विचारलं, "काय करायचं ते ठरवून आलात, की विचारायला आलात?" विचारायला आलो, म्हटलं. मग त्या मोकळेपणाने बोलल्या.

याआधी आलेल्या गटांबद्दल बरंच ऐकलं. कुणी भिंती रंगवल्या, कुणी मुलांना चार दिवस शिकवलं, कुणी घरोघर फिरून फॉर्म भरून घेतले. त्या फॉर्मचं पुढे काय झालं ते वस्तीत आजवर कुणाला ठाऊक नाही. ताईंचा आवाज चढला नाही, पण या एका गोष्टीकडे त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. आमच्याबद्दल लिहिलेलं आम्हालाच वाचायला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना हवंय ते काम साधं आहे. समितीने कित्येक वर्षं पाण्याच्या नोंदी वह्यांमध्ये ठेवल्या आहेत: पंप कधी बंद पडला, पाणी कधी आलं, दुरुस्ती कुणी केली. या नोंदी संगणकावर चढवायच्या, म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार घेऊन जाताना हातात आकडे असतील. आणि संगणकावरचा तक्ता पुढे चालू ठेवायला वस्तीतल्या दोन मुलींना शिकवायचं.

मुलांना शिकवायला मात्र स्पष्ट नकार. नवे चेहरे येतात, मुलं लळा लावून घेतात, आठवड्याने चेहरे गायब होतात आणि नेहमीच्या शिक्षिकेकडे लक्ष लागत नाही. हे ताईंनी सांगितलं तेव्हा मला पटायला वेळ लागला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात पर्यटनाच्या ओघात अनाथालयांमध्ये होणाऱ्या स्वयंसेवेचा उल्लेख केला आणि त्यातून मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकतं, असा इशारा दिला. आमचं काम त्या टोकाचं नाही. तरी मुलांच्या आयुष्यात थोड्या दिवसांसाठी शिरताना घ्यायची काळजी तीच आहे.

२१ जून

विद्यार्थ्यांचं पहिलं सत्र. शिकवणं नाही हे कळल्यावर चेहरे उतरले. अर्जात जवळजवळ प्रत्येकाने 'मुलांसोबत काम' असंच लिहिलं होतं. जुन्या वह्या टंकित करण्यात सेवा कुठे आहे, असं एकीने सरळ विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. तिला सिग्मन यांचं दुसरं तत्त्व दाखवलं आणि विचारलं, कार्यालयात पुरावा घेऊन उभं राहायची ताकद कशाने वाढेल? भिंतीवरच्या चित्राने, की कित्येक वर्षांच्या नोंदींनी? ती गप्प बसली. पटलं असेलच असं नाही, पण विचारात पडली हे नक्की.

नंतर प्रत्येकाने कागदाच्या एका बाजूला आपण काय देणार ते लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला काय घेणार. देण्याची बाजू भराभर भरली. घेण्याच्या बाजूला सुरुवातीला फक्त 'अनुभव' हा एकच शब्द होता. बोलता बोलता ती यादी वाढली: गुण, प्रमाणपत्र, नोकरीच्या अर्जात लिहायला एक ओळ, फोटो, यजमानांच्या घरातली जागा, त्यांचा वेळ, त्यांच्या गोष्टी. ही यादी समोर असली की 'मदत करायला चाललोय' हे वाक्य तोंडातून जरा जपून निघतं.

एप्रिल १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं होतं. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ही हकीकत मी पहिल्याच दिवशी सांगते. कुणाला नाउमेद करायचं म्हणून नाही. चांगला हेतू असला की पुढचं सगळं आपोआप चांगलं होतं, हा समज जायच्या आधीच मोडलेला बरा.

२५ जून

आज नकाशाचा सराव. जोड्या करून विद्यार्थ्यांनी आपल्याच संस्थेच्या आवारात काम करणाऱ्या माणसांना भेटायचं आणि त्यांच्या नजरेतून आवाराचा नकाशा काढून घ्यायचा. आधी परवानगी, वेळ त्यांच्या सोयीची, आणि पेन त्यांच्या हातात.

एक जोडी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांकडे गेली. त्यांच्या नकाशात ग्रंथालय नव्हतं. सभागृह होतं, पण फक्त त्याची मागची पायरी, कारण पावसात तिथे कोरडं राहतं. रात्री उघडा राहणारा एक नळ होता. दिवा बंद असलेला एक कोपरा होता आणि त्यावर त्यांनी दोनदा गोल केला होता. ही दोघं वर्षभर त्या कोपऱ्यावरून ये-जा करत होती. विद्यार्थ्याने मधेच पेन मागितलं, "मी नीट काढून देतो" म्हणाला. पहारेकऱ्यांनी लगेच पेन दिलं आणि त्यानंतर ते बोलायचेच थांबले. सोबतच्या मुलीने हे टिपलं होतं. सत्रात तिनेच सांगितलं.

ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या सहभागी पद्धतीत 'काठी हाती देणं' म्हणतात ते नेमकं हेच. जमिनीवर नकाशा काढायची काठी गावकऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण मागे सरायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला काय दिसत नाही, हेही चेंबर्स यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलं आहे. तो डांबरी रस्त्याच्या कडेचंच बघतो. जिथे आधीच प्रकल्प चालू आहे तिथेच जातो. बोलतो ते पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी. येतो तो कोरड्या दिवसांत. आणि अवघड प्रश्न भिडेपोटी विचारत नाही. विद्यार्थ्यांना म्हटलं, ही यादी मुक्कामात रोज संध्याकाळी काढायची आणि आज यातलं काय घडलं ते लिहायचं.

२ जुलै

नकार ऐकण्याचा सराव. माझ्या मते सगळ्या तयारीचा गाभा हाच आहे आणि नेमकी यालाच सगळ्यात कमी जागा मिळते. परवानगी कशी मागायची हे सगळे शिकवतात. मिळाली नाही हे ओळखायचं कसं, ते कुणी शिकवत नाही.

घरी आलेल्या पाहुण्याला, त्यातून संस्थेच्या नावाने आलेल्या पाहुण्याला, तोंडावर नाही म्हणणं कुठल्याही माणसाला जड जातं. म्हणून नकार आडवळणाने येतो. 'बघू.' 'उद्या या.' 'ह्यांना विचारून सांगते.' कधी विषय बदलतो. कधी हो म्हणून माणूस ठरल्या वेळी घरी नसतो. कधी उत्तरं एकेका शब्दाची होतात.

प्रसंग करून बघितले. एक जण यजमान, एक जण विद्यार्थी, बाकीचे बघणार. यजमानाला चिठ्ठी: नाही हा शब्द न वापरता नाही म्हणायचं. पहिल्या फेऱ्यांमध्ये बहुतेक विद्यार्थी आडवळणी नकारानंतर दुप्पट जोमाने समजावू लागले. दोनच मिनिटं लागतील, तुमच्याच फायद्याचं आहे, नाव येणार नाही. बघणाऱ्यांना ते लगेच खटकलं, बोलणाऱ्याला कळत नव्हतं. म्हणून नियम केला: 'बघू' म्हणजे नाही. एकदा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ते त्यांनी स्वतःहून काढलं तरच बोलायचं. आणि विचारतानाच नाही म्हणायची सोय करून द्यायची: 'जमणार नसेल तर काही अडत नाही, आमचं काम त्यावाचून होतं.' हे वाक्य खरं असायला हवं. म्हणजे कामाची आखणीच अशी करायची की कुणाच्याही नकाराने ते थांबणार नाही. विद्यार्थ्याचे गुण एखाद्या मुलाखतीवर अवलंबून असले, तर तो नकार ऐकूच शकणार नाही. त्यामुळे मूल्यमापनातून 'पूर्ण केलेल्या मुलाखतींची संख्या' हा निकष आज काढून टाकला.

शेवटच्या फेरीत एक मुलगा 'उद्या या' ऐकून म्हणाला, "बरं ताई, तुमचं काम चालू द्या," आणि वळला. बघणारे टाळ्या वाजवायला लागले.

५ जुलै

फोटो आणि माहिती. हवासुपाई प्रकरण सविस्तर घेतलं, कारण संमतीची व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक खरी हकीकत जास्त शिकवते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली ही आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण मोठं. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत होती की हे मधुमेहासाठी आहे. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि जमातीचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासासाठी वापरले गेले. हे पूर्वज दुसरीकडून आले असं सांगणं त्यांच्या श्रद्धेलाच धक्का देणारं होतं. खटला झाला. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने जमातीला परत दिले गेले.

एकाने विचारलं, कागदावर सह्या होत्या ना? होत्या. संमतीचा मजकूर व्यापक होता. इथे बराच वेळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. सही घेतली म्हणून समजलं असं होत नाही, आणि एका कामासाठी दिलेलं दुसऱ्या कामाला वापरायचं तर पुन्हा विचारायला लागतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी अशी त्यांची मागणी आहे. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की नियम त्यांनी लिहिले. आमच्या मुक्कामाचे नियमही वस्तीनेच लिहावेत, असं आज ताईंना फोन करून सुचवलं. त्या समितीत मांडणार आहेत.

फोटोंचं आमच्या बाजूने ठरलं ते असं: कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारायचं. मुलांचे फोटो अजिबात नाहीत, आईवडील हो म्हणाले तरी नाहीत. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवायचा, नको म्हटला तर समोरच पुसायचा. मुक्कामात समाजमाध्यमांवर काहीही टाकायचं नाही.

९ जुलै

व्यवस्थेची कामं. आजारपण आणि अपघातासाठी संपर्क, औषधांची पेटी, पालकांची संमती. यजमान कुटुंबांचा खर्च किती द्यायचा ते समितीने ठरवायचं, आम्ही घासाघीस करायची नाही. कुणाही विद्यार्थ्याने लहान मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती आमच्या गटाबाहेरची असावी, म्हणजे यजमानांना आणि विद्यार्थ्यांनाही आमच्याविरुद्ध बोलता येईल. तिचा नंबर प्रत्येक घरात कागदावर लिहून द्यायचा.

१६ जुलै

अपेक्षित प्रश्न आज आला. "इतकी बंधनं असतील तर जायचंच कशाला?" विचारणारा चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. चुकीचं काही बोलू, या भीतीने त्याला तोंडच उघडवत नाही.

हे मी गांभीर्याने घेतलं. तयारीचा असाही एक परिणाम होतो: मुलं इतकी जपून वागू लागतात की माणसासारखी बोलतच नाहीत. वस्तीच्या बाजूने बघितलं तर तोही अपमानच. म्हणून आज ठरलेलं सत्र बाजूला ठेवलं. मेलनी टरव्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी मांडलेला सांस्कृतिक नम्रतेचा विचार घेतला. दुसऱ्याची संस्कृती शिकून तिच्यात पारंगत होता येतं, ही कल्पना त्यांनी नाकारली. त्याऐवजी आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं आणि डॉक्टर-रुग्ण नात्यातली सत्तेची तफावत ओळखून ती कमी करायची, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे सगळं आधी माहीत असायला हवं, ही अटच नाही. न कळलेलं विचारता येतं. चुकलं तर माफी मागता येते आणि पुढे बोलत राहता येतं. त्या मुलाला विचारलं, तुझ्या घरी कुणी पाहुणा आला आणि त्याने एखादी गोष्ट चुकीची केली, तर तू काय करतोस? "सांगतो," म्हणाला. "आणि मग?" "मग काय, गप्पा."

दुपारी नियोजनाच्या अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांची १९६९ मधली सहभागाची शिडी. निर्णयात लोकांचा हात किती, ते दाखवणाऱ्या आठ पायऱ्या आहेत. खालच्या दोन नुसत्या देखाव्याच्या. मग माहिती देणं, सल्ला विचारणं, मान राखल्यासारखं करणं. त्यावर भागीदारी, सोपवलेली सत्ता आणि सगळ्यात वर लोकांचं नियंत्रण. मुक्कामातला प्रत्येक निर्णय विद्यार्थ्यांनी एकेका पायरीवर ठेवला. कामाची निवड वरच्या पायऱ्यांवर गेली. मुक्कामाच्या तारखा चौथ्या पायरीवर अडकल्या, कारण त्या परीक्षांच्या वेळापत्रकाने ठरल्या आणि वस्तीला फक्त चालेल ना एवढं विचारलं. हे त्यांनीच शोधलं. पुढच्या वर्षीच्या तारखा आधी वस्तीकडून घ्याव्यात, असा लेखी प्रस्ताव तेच विभागाकडे देणार आहेत.

२४ जुलै

आज ताई आणि काका प्रशिक्षक म्हणून आले. मानधन बाहेरच्या व्याख्यात्यांना देतो तेवढंच, त्याच नोंदवहीत सही घेऊन. हिशेब विभागाने आधी का म्हणून विचारलं, पत्र दिल्यावर मान्य केलं.

ताईंकडे मी आधीचे गट वापरायचे तसा एक सर्वेक्षणाचा फॉर्म आठवड्यापूर्वी पाठवला होता. त्यांनी तो हातात घेतला, समोरच्या मुलीला पुढे बोलावलं आणि वाचायला सुरुवात केली. घरात कमावती माणसं किती? महिन्याला किती येतात? कर्ज आहे का? कुणाकडून? घरात कुणी दारू पितं का? मुलीने पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं दिली. कर्जावर ती अडखळली, मैत्रिणींकडे बघू लागली. ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "नको सांगूस बाळा. पण तू सांगणारच होतीस, कारण मी पुढे उभी आहे आणि माझ्या हातात कागद आहे."

त्यानंतर काकांनी समितीने लिहिलेले नियम वाचून दाखवले. कागद एकच, पाठपोट. संध्याकाळी जेवणाच्या वेळी दारात जाऊन उभं राहायचं नाही. भेटवस्तू कुणा एका घराला द्यायची नाही, द्यायचीच तर समितीला. पाणी भरायच्या रांगेत मधे घुसून मदत करायची नाही, रांगेचा हिशेब असतो. कुणाच्या घरात भांडण झालं तर बाजूला व्हायचं, पण मारहाण दिसली तर ताईंना लगेच बोलवायचं. शेवटचा नियम: जाताना काय घेऊन चाललात ते दाखवून जायचं.

आमच्या नियमांच्या जागी आता हाच कागद आहे.

३० जुलै

सामानाची यादी, गटवाटणी. विशेष काही नाही.

४ ऑगस्ट

वस्तीतून. वह्या आज उघडल्या. पानं दोऱ्याने शिवलेली, काही ओल लागून चिकटलेली. काकांची खूण अशी: पूर्ण गोल म्हणजे पंप बंद, अर्धा गोल म्हणजे पाणी कमी. एका विद्यार्थ्याने तक्त्यात 'बंद' आणि 'कमी' असे दोन रकाने करून झपाट्याने भरायला घेतलं. काका शेजारी बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, सगळे अर्धे गोल सारखे नाहीत. वर तोंड असलेला म्हणजे पाणी कमी दाबाने आलं. खाली तोंड असलेला म्हणजे पाणी पुरेसं आलं, पण रात्री उशिरा, म्हणजे अर्ध्या घरांना मिळालं नाही. कार्यालयाच्या कागदावर तो दिवस पाणी मिळाल्याचाच मोजला जातो. रकाने काकांनी नव्याने सांगितले, मुलांनी आखले, आणि भरलेलं पुसून पुन्हा सुरुवात केली.

वस्तीतल्या त्या दोन मुली दुपारपासून संगणकाजवळ आहेत. उद्यापासून टंकन त्या करणार, आमची मुलं वाचून दाखवणार.

६ ऑगस्ट

रात्री दैनंदिन्या वाचल्या. 'यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी आहेत' हे वाक्य काहींच्या वहीत आहेच. लिहिणाऱ्यांना ते कौतुकाने सुचलेलं असतं, म्हणून खोडून न टाकता त्याखाली प्रश्न लिहिले: 'काहीच नाही' हे कुणी मोजलं? आज तुझ्यासमोर कोण हसलं, आणि तू पाहुणा नसतास तर हसलं असतं का? याच घरातला माणूस पाण्यासाठी कार्यालयात भांडायला जातो, तो तुझ्या वाक्यात कुठे आहे?

सकाळी एकीने ते वाक्य काढून तिथे त्या घरातल्या आजीने सांगितलेली पंपाच्या दुरुस्तीची हकीकत लिहिली. छापायची नाही असं आजीने सांगितल्याचंही बाजूला लिहिलं.

१९ ऑगस्ट

अहवालाचा मसुदा वस्तीत वाचून दाखवला. ऐकायला बरेच जण आले. एका परिच्छेदात कोणत्या गल्लीत पाणी चोरून घेतलं जातं त्याचा उल्लेख होता. समितीने तो काढायला सांगितला, काढला. विद्यार्थ्यांपैकी एकाला तो महत्त्वाचा निष्कर्ष वाटत होता आणि त्याने तसं म्हटलं. काकांनी उत्तर दिलं, "ते आमच्यात मिटवायचंय." तक्त्याची मूळ प्रत मुलींच्या ताब्यात, आमच्याकडे राहिलेल्या प्रती त्यांच्यासमोर पुसल्या. अहवालाची छापील प्रत समितीच्या कपाटात.

२ सप्टेंबर

ताईंचा फोन. तक्ता घेऊन समिती कार्यालयात गेली होती, अधिकाऱ्यांनी प्रत ठेवून घेतली, उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सत्रात गट पाठवू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, यंदा गट नको. मुलींना तक्त्यातून आलेख काढायला शिकायचंय, तर दोघंच या, रविवारी, आणि संध्याकाळी परत जा.

विभागाला तसं कळवलं. नवीन गटाची तयारी जूनऐवजी जानेवारीपासून, तारखा वस्तीकडून आल्यावर. रविवारी जाणाऱ्या दोघांची नावं मुलींनीच सांगितली आहेत.